स्कॅन झाले, संपादन राहिले

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत बसून आज मोबाइलवर ‘संगीतरत्नाकर’ उघडता येतो. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेला हा सात अध्यायांचा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये छापला. संपादक होते मंगेश रामकृष्ण तेलंग. पुढे अड्यारहून सुब्रह्मण्य शास्त्रींची चार खंडांची आवृत्ती निघाली, कल्लिनाथ आणि सिंहभूपाल या दोघांच्या टीकांसह. या पानांची छायाचित्रे आता सहज मिळतात. एरवी त्यांच्यासाठी नागपूर-पुण्याला खेपा घालाव्या लागत, तेव्हा ही सोय फार मोठी आहे. पण या सोयीलाच आपण डिजिटल संपादन म्हणू लागलो, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

एका बिंदूचेच बघा. शार्ङ्गदेवाच्या लेखनात मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू असतो आणि तार स्वरावर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत मंद्राचा बिंदू खाली आणि तारेचा वर. त्यामुळे आजचा विद्यार्थी पहिल्या अध्यायातले जातींचे, म्हणजे रागांआधीच्या जुन्या स्वररचनांचे, स्वरप्रस्तार वाचू लागला, की मंद्र षड्ज त्याला तार वाटतो; अख्खी चाल वरच्या सप्तकात जाते. यंत्र तर याहून फसते. ‘स’वरचा बिंदू त्याच्या लेखी अनुस्वार, आणि उभी रेघ वेदपाठातल्या स्वरचिन्हासारखी. मजकूर शोधता येतो, पण संगीत नाहीसे झालेले असते. जुन्या नकलाकाराने एखादा बिंदू गाळला असेल, तर तेही छायाचित्रावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी पोथी शेजारी हवी.

प्रबोधनकालीन युरोपातल्या संगीतग्रंथांवर हे काम झाले आहे. १९९० मध्ये इंडियाना विद्यापीठात लॅटिन संगीतशास्त्राचा संगणकीय संग्रह सुरू झाला. सुरुवातीला तोही मुख्यतः मजकुराचाच होता. पुढे बर्मिंगहॅममध्ये पंधराव्या शतकातल्या टिंक्टोरिस या शास्त्रकाराच्या ग्रंथांची आवृत्ती सिद्ध झाली. तिथे लॅटिन पाठ, इंग्रजी भाषांतर आणि स्वरलेखनातली उदाहरणे एकत्र वाचता येतात. स्वरलिपी संगणकाला समजेल अशी नोंदवण्याचे खुले संकेतही आता आहेत. देवनागरी स्वरलेखनासाठी ते वाढवून घ्यावे लागतील.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. युरोपात त्सार्लिनो या संगीतशास्त्रकाराचा ग्रंथ व्हेनिसमध्ये १५५८ साली छापून निघाला. त्याच शतकात खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या बुऱ्हानखानासाठी पुंडरीक विठ्ठल ‘सद्रागचंद्रोदय’ लिहीत होता. सोमनाथाचा ‘रागविबोध’ १६०९ चा. त्याच्या शेवटच्या प्रकरणात वीणावादनातल्या बारकाव्यांसाठी खास चिन्हे आहेत, आणि ती साध्या टंकलेखनात उतरत नाहीत. एमी ते नायनहाउस या डच विदुषीने सोमनाथाच्या रागांवर १९७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. चिन्हांचा असा अभ्यास मराठी विद्यापीठांत व्हायला हवा होता, ही खंत मला लपवता येत नाही.

भातखंड्यांनी देशभर फिरून, दक्षिणेत आणि बिकानेरसारख्या ठिकाणी पोथ्या पाहून, कितीतरी ग्रंथ उजेडात आणले. त्यांचे ऋण फार मोठे आहे. पण त्यांना ग्रंथ लवकर लोकांच्या हाती द्यायचा होता. पाठभेदांचा बारीक हिशेब हे त्यांचे मुख्य काम नव्हते. तो हिशेब कसा ठेवायचा हे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून दाखवले. पद्धत घरचीच आहे, फक्त ती संगीताला लावलेली नाही.

वाचक कोण, असे कुणी विचारील. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर ऑर्गन-तबल्याची साथ करणारे कलावंत केशोरीच्या परिसरात आहेत. शार्ङ्गदेवाचा तालाध्याय मराठी अर्थासह आणि मात्रा ऐकवत समोर आला, तर तो त्यांनी का वाचू नये? ग. ह. तारळेकरांचे मराठी भाषांतर हाताशी आहेच.

म्हणून राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाला व संस्कृतच्या संस्थांना माझी विनंती आहे, की सातही अध्यायांचा घाट एकदम घालू नका. फक्त पहिला, स्वरगताध्याय घ्या. आनंदाश्रम आणि अड्यारचे पाठ, मिळतील त्या पोथ्या, दोन्ही टीका आणि प्रस्तारांतला प्रत्येक बिंदू नोंदवा, आणि ते सारे विनामूल्य खुले ठेवा. तेलंगांची आवृत्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या पुढचे पाऊल मराठी माणसांनीच टाकले पाहिजे.