समालोचनाचे समालोचन

मराठीत ‘समालोचन’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. कादंबरीचा किंवा नाटकाचा गुणदोषविचार करणे हे समालोचन, आणि मैदानावरील खेळाचे धावते वर्णन करणे हेही समालोचन. पहिल्या अर्थाची प्रतिष्ठा मोठी, दुसऱ्याची श्रोतृसंख्या मोठी. या दुसऱ्या समालोचनाची दखल वाङ्मयीन मासिकाने घ्यावी काय, असे एखादा रसिक विचारील. परंतु ज्या घरात वर्षाकाठी एकही पुस्तक विकत घेतले जात नाही, त्या घरातही नव्वद मिनिटांचा फुटबॉलचा सामना अखंड शब्दांच्या संगतीत पाहिला जातो. इतक्या माणसांच्या कानांवर पडणारे गद्य टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणे हे टीकेचेच अपुरेपण होय. म्हणून दूरचित्रवाणीवरील फुटबॉलचे समालोचक आणि सामन्याच्या आधी, मध्यंतरात व नंतर आसनस्थ होणारे तज्ज्ञ यांच्या कामगिरीचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या कलेचा जन्म नभोवाणीवर झाला, आणि तिचे बहुतेक दोष त्या जन्माबरोबरच आलेले आहेत. २२ जानेवारी १९२७ रोजी लंडनच्या हायबरी मैदानावरील आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचे वर्णन बी.बी.सी.ने प्रक्षेपित केले. श्रोत्यांना चेंडू कोठे आहे हे कळावे म्हणून मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापण्यात आला होता, आणि वर्णन चालू असता दुसरा एक आवाज चौकोनाचा आकडा पुकारीत असे. त्याच्या आदल्याच आठवड्यात वेकलम या समालोचकाने ट्विकनहॅमच्या मैदानावरून रग्बीच्या सामन्याचे वर्णन केले होते. त्या वेळी त्याच्यासमोर एका अंध गृहस्थास बसविण्यात आले होते आणि ‘या गृहस्थांना खेळ सांगत आहोत असे समजून बोला’ अशी सूचना त्यास देण्यात आली होती. अंधास युद्ध सांगणारा संजय आपल्या परिचयाचाच आहे. विसाव्या शतकातील लंडनमध्येही नव्या कलेच्या आरंभी एक धृतराष्ट्र बसवावा लागला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

परंतु दूरचित्रवाणीचा प्रेक्षक धृतराष्ट्र नव्हे. त्यास चेंडू दिसतो, गोल दिसतो, पंचाने दाखविलेले पिवळे कार्डही दिसते. असे असता ‘चेंडू डावीकडे गेला, आता उजवीकडे आला’ हे त्यास पुन्हा सांगणे म्हणजे नाटक चालू असता शेजारच्या प्रेक्षकाने नटांच्या हालचाली मोठ्याने वाचून दाखविण्यासारखे आहे. चित्र आल्याबरोबर शब्दाचे जुने काम संपले; नवे काम कोणते याचा विचार मात्र फार थोड्या समालोचकांनी केला. पुष्कळांनी जुनेच काम अधिक मोठ्या आवाजात चालू ठेवले.

दोन माध्यमांतील हा भेद एकाच गोलाच्या दोन वर्णनांत स्पष्ट दिसतो. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको शहरातील अझ्टेका मैदानावर मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध स्वतःच्या अर्ध्या भागातून चेंडू घेऊन, वाटेतील खेळाडूंना एकामागून एक चकवीत, शेवटी गोलरक्षकालाही बगल देऊन तो प्रसिद्ध गोल केला. अर्जेंटिनाच्या नभोवाणीवर बोलणारा, मूळचा उरुग्वेचा व्हिक्टर ह्यूगो मोरालेस त्या क्षणी अक्षरशः रडला. त्याने मॅराडोनास विश्वातला पतंग म्हटले, तू कोणत्या ग्रहावरून आलास असे विचारले आणि देवाचे आभार मानले. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर बॅरी डेव्हिस बोलत होता. गोल त्याच्याच देशावर झाला होता. हा गोल भव्य आहे असे म्हणणे भागच आहे, एवढ्याच अर्थाचे थोडे शब्द तो बोलला. दोघेही आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत. ज्यास काही दिसत नव्हते त्याच्यासाठी मोरालेसने उपमेच्या साहाय्याने आकाश उभे केले. ज्यास सारे दिसत होते त्याच्यासमोर डेव्हिसने केवळ न्याय दिला, आणि तोही प्रतिपक्षास. अडचण होते ती मोरालेसचा आवेश डेव्हिसच्या आसनावर बसू लागतो तेव्हा. मोरालेसचे अश्रू सहा-सात सेकंदांपूर्वी कोणासही ठाऊक नव्हते. त्याच्या अनुकरणात मात्र अश्रू आधीच तयार करून आणलेले असतात.

या संदर्भात पीटर ड्रूरी या इंग्रज समालोचकाचा विचार करणे इष्ट होईल, कारण आजच्या रसिकांत त्याच्याइतका आवडता आणि त्याच्याइतका वादग्रस्त समालोचक क्वचितच असेल. १० एप्रिल २०१८ रोजी रोमा संघाने बार्सिलोनाचा ३-० असा पराभव केला. तिसरा गोल ग्रीक खेळाडू मॅनोलासचा. ड्रूरीने तत्काळ रोमचे भग्नावशेष उठून उभे राहिल्याचे सांगितले आणि मॅनोलासला रोममधील ग्रीक देव ठरविले. चमत्कृती मोठी आहे, यात शंका नाही. आपल्याकडील एखाद्या पंडित कवीने त्यास शाबासकीच दिली असती. परंतु मॅनोलासने कॉर्नरवरून आलेला चेंडू जवळच्या खांबापाशी, सर्वांच्या आधी पोहोचून, डोक्याने वळविला. बार्सिलोनासारख्या संघाच्या बचावफळीतून तो तेथे मोकळा कसा पोहोचला, हा त्या क्षणाचा खरा प्रश्न होता. अलंकाराने त्या प्रश्नावर सोनेरी पडदा टाकला. मॅनोलास कोरिंथचा असता काय आणि कोल्हापूरचा असता काय, धाव तीच राहिली असती. रस घटनेत असावा लागतो आणि शब्दाने त्याची वाट मोकळी करावी लागते. शब्दाने घटनेची जागा घेतली की उरते ती कोटी. तथापि ड्रूरीच्या पदरी एक पुण्य आहे, ते नाकारू नये. त्याचे वाक्य त्याचे स्वतःचे असते. त्याच्या अनुयायांची वाक्ये त्याची असतात.

मग मौन हाच उपाय काय? त्याचाही प्रयोग अनपेक्षितपणे होऊन गेला आहे. मार्च २०२३ मध्ये गॅरी लिनेकर या निवेदकाने सरकारच्या आश्रितविषयक धोरणावर केलेल्या टीकेवरून बी.बी.सी.ने त्यास बाजूस ठेवले. सहकारी तज्ज्ञ आणि समालोचक त्याच्या बाजूने उभे राहिले. परिणामी ११ मार्च रोजी ‘मॅच ऑफ द डे’ हा जुना कार्यक्रम निवेदक नाही, तज्ज्ञ नाही, समालोचकही नाही अशा स्थितीत अवघी वीस मिनिटे दाखविण्यात आला, आणि प्रेक्षकसंख्या आदल्या आठवड्यापेक्षा वाढली. यावरून शब्दांची गरजच नाही असा निष्कर्ष कित्येकांनी काढला. तो घाईचा आहे. त्या वाढीत कुतूहलाचा वाटा मोठा असणार. खेळाडूंची नावे कळेनात, गोल कोणाच्या चुकीने झाला हे उमगेना, सामन्यास आकार येईना. तरीही त्या वीस मिनिटांनी एक गोष्ट सिद्ध केली: प्रेक्षागाराचा आवाज हे स्वतंत्र समालोचन आहे. हजारो माणसांचा श्वास एकदम अडकतो तेव्हा त्यावर बोलणे हा अपराध होय. नाव, कारण आणि योग्य जागी मौन, एवढी तीनच कर्तव्ये दूरचित्रवाणीच्या समालोचकास पुरेशी आहेत.

यांपैकी ‘कारण’ हे मुख्यतः तज्ज्ञांचे क्षेत्र. आणि येथे संजयाकडे पुन्हा वळले पाहिजे. कारण त्यास आपण धावत्या वर्णनाचा आद्य पुरुष म्हणतो ते अर्धेच खरे आहे. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. निकाल आधी, आणि दहा दिवसांचे युद्ध मागाहून. म्हणजे तो समालोचकापेक्षा सामन्यानंतरच्या तज्ज्ञाच्याच अधिक जवळचा. त्याचे थोरपण दिव्यदृष्टीत नसून निर्भयतेत आहे. हा अनर्थ तुझ्याच दोषाने ओढवला, असे तो आपल्या अन्नदात्यास पुनःपुन्हा ऐकवतो. आजच्या तज्ज्ञांतील किती जणांस हे शक्य आहे? सामना दाखविण्याचे हक्क ज्याने मोठ्या रकमेस विकत घेतले, तो मालक सामना कंटाळवाणा होता हे ऐकण्यास उत्सुक नसतो. म्हणून बरोबरीत सुटलेला रटाळ सामना ‘डावपेचांचा’ ठरतो आणि चुकलेली पेनल्टी ‘दुर्दैवी’ होते. फुटबॉलपुरतेच हे मर्यादित नाही. आपल्या क्रिकेटमध्ये हर्षा भोगले यांना २०१६ च्या आय.पी.एल.पूर्वी आणि संजय मांजरेकर यांना २०२० मध्ये समालोचकांच्या यादीतून वगळण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. तज्ज्ञाने खेळाडूस दुखवू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी तज्ज्ञ ठेवू नये, भाट ठेवावेत.

आता आपल्या भाषेकडे येऊ. २०२२ च्या कतारमधील विश्वचषकाचे सामने भारतात इंग्रजी व हिंदीबरोबर बंगाली, मल्याळम आणि तमिळ समालोचनासह उपलब्ध होते. मराठी त्यांत नव्हती. सुपेल्यासारख्या वस्तीत या यादीचा अर्थ फार लवकर कळतो. १९५५ च्या करारानंतर रशियाच्या साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि त्या भट्टीच्या ओढीने आलेले बंगाली, मल्याळी, तेलुगू, उडिया, मराठी संसार येथे भिंतीस भिंत लावून थाटले गेले. एकाच रात्री, एकाच सामन्यासाठी, शेजारच्या बंगाली घरात बंगाली उमटली, मल्याळी घरात मल्याळम. मराठी घराने, आणि मूळच्या छत्तीसगढी घरानेही, हिंदीचा आश्रय घेतला. हिंदीशी आमचे वैर नाही; ती आमची बाजाराची आणि शाळेची भाषा आहे. परंतु परमुलुखातील मराठी मुलाच्या कानावर मराठी पडते ती जेवणाच्या आणि सणवारांच्या वेळी. धावण्याची, झेपावण्याची, चकवण्याची मराठी त्याने ऐकावी कोठे? जी भाषा केवळ बसून बोलली जाते, ती हळूहळू वडीलधाऱ्यांची भाषा होते.

मराठीस हे साधणार नाही असेही नाही. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या, स्वतः रणजी करंडकात खेळलेल्या समालोचकाने आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगितले, आणि षटक, चौकार, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द घरोघरी रुळले. त्या पायावरच २०२३ च्या आय.पी.एल.चे मराठी समालोचन उभे राहू शकले. त्यात बोलणारा केदार जाधव तर त्याच हंगामात समालोचन सोडून पुन्हा खेळावयास गेला. उणीव मराठीत नाही. फुटबॉलला मराठीत आणणाऱ्या माणसांची आहे.

तथापि असे समालोचन उद्या सुरू झाले, तर ते इंग्रजीचे ओझे वाहणारे भाषांतर होईल, ही भीती रास्त आहे. चेंडूला जाळ्याची पाठ सापडली, यासारखी वाक्ये ऐकण्यापेक्षा हिंदी बरी. उलट बाजूने, गोल, पास, कॉर्नर, पेनल्टी या रुळलेल्या शब्दांना संस्कृत वेष चढविण्याचा हट्टही नको. नामे परकी राहिली तरी चालेल. क्रियापदे मात्र आपली हवीत. फुटबॉल हा क्रियापदांचा खेळ आहे, आणि ती क्रियापदे मराठीस कोशात शोधावी लागत नाहीत. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या संघांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनीच हा खेळ दत्तक घेतला आणि शाहू स्टेडियम भरून टाकले. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या भाषेत कुस्तीचा डाव आणि पेच आहे, कबड्डीची चढाई आणि पकड आहे, खो-खोची हुलकावणी आहे, तिला बचावफळी भेदण्यासाठी शब्द उसने आणावे लागू नयेत. हुलकावणी दिली, मुसंडी मारली, कोंडी फोडली, बगल दिली: प्रत्येक क्रियापदात एक हालचाल डोळ्यांसमोर उभी राहते, आणि तीत एकही अलंकार नाही.

मराठी फुटबॉल समालोचनाची मागणी प्रक्षेपकांकडे अवश्य करावी. संख्येच्या बळावर ती कधी तरी मान्यही होईल. पण त्या आसनावर कोणास बसवावे, हे ठरविताना गोड गळ्याचा निवेदक किंवा नामवंत नट शोधू नये. तालमीच्या अंगणात ज्याचे कान तयार झाले, नाव आणि कारण जो अचूक सांगेल, मालकासमोर जो रटाळ सामन्यास रटाळ म्हणेल आणि मैदान श्वास रोखील तेव्हा जो स्वतःही थांबेल, असा माणूस शोधावा. तो मिळाला, तर ‘समालोचन’ या शब्दाचे दोन अर्थ पुन्हा एक होतील.