बेचाळीसची फूट आणि तंजावरची कादंबरी

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांचा दरबार आणि सरस्वती महाल आठवतो. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचे तंजावर त्याला तितकेसे परिचित नाही. युद्धकाळात राष्ट्रवादी आणि साम्यवादी चळवळींत पडलेल्या फुटीचा एक वेगळा अर्थ या दुसऱ्या तंजावरात उलगडतो.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले आणि त्यानंतर भारतीय साम्यवादी पक्षाने ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेतली. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. ऑगस्टमधील ‘छोडो भारत’ लढ्यापासून तो दूर राहिला. राष्ट्रवाद्यांच्या लेखी हा द्रोह होता. सतीनाथ भादुडी यांच्या ‘जागरी’ (१९४५) या बंगाली कादंबरीने हा संघर्ष पूर्णियाच्या तुरुंगातील एका रात्रीत सामावला. काँग्रेस समाजवादी बिलू फाशीची वाट पाहतो आहे. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा त्याचा साम्यवादी भाऊ नीलू तुरुंगाच्या दाराशी उभा आहे. दोघांच्या निष्ठा भिन्न असल्या, तरी घर एकच आहे.

तंजावरात मात्र ही फूट एका घरात मावणारी नव्हती. बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १९४३ पासून पूर्व तंजावरात दलित शेतमजुरांची संघटना उभी केली. चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजणे या शिक्षा भोगणाऱ्या ‘पण्णैयाळ’ म्हणजे बांधील गड्याला पारतंत्र्याचा पहिला अनुभव मिरासदाराच्या खळ्यावर येत होता. स्वातंत्र्यलढ्यापासून दूर राहिलेल्या पक्षानेच त्याला ताठ उभे राहण्याचे बळ दिले, ही या इतिहासातील अवघड गोष्ट होय.

तंजावर जिल्ह्यातच जन्मलेल्या कल्कींच्या ‘अलै ओसै’ला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. राष्ट्रीय चळवळीपासून फाळणीपर्यंतचा तिचा पट विस्तीर्ण आहे. मात्र त्याच्या केंद्रस्थानी सुशिक्षित मध्यमवर्गच आहे. वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत कादंबरी पोचते ती इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुदिप्पुनल’मध्ये (१९७५). २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना जाळून मारण्यात आले, ती घटना तिच्या मुळाशी आहे. परंतु जमीनदाराच्या क्रौर्याचे मूळ लेखक त्याच्या लैंगिक न्यूनगंडात शोधतो. वर्गसंघर्षाचे असे मनोविश्लेषण डाव्या समीक्षकांना खटकले, आणि त्यांचा आक्षेप निराधार नाही. मजुरीचा प्रश्न एका व्यक्तीच्या विकृतीत विरघळला, की १९४३ पासून संघटनेने मिळवलेले भानही पुसट होते.

मराठीतही साताऱ्याचे प्रतिसरकार आणि १९४५ चा वारल्यांचा उठाव यांच्या कथा बहुधा स्वतंत्रपणेच सांगितल्या गेल्या. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’चे (१९७०) मोल यासाठीही आहे, की वेठबिगाराचे स्वातंत्र्य त्यात राष्ट्राच्या स्वातंत्र्याची तळटीप ठरत नाही. ‘जागरी’ने दोन भावांना समोरासमोर आणले. तंजावरच्या वास्तवाची मागणी याहून कठीण आहे: सत्याग्रही आणि पण्णैयाळ यांना एकाच कथानकात समान अधिकाराने बोलू देण्याची.