टाकून दिलेले उत्तर

सरळ वर फेकलेल्या वस्तूची गणिते पुस्तकांत बहुधा मनोऱ्यावरून सुरू होतात. सावलीला शिक्षकांबरोबर बसलो तेव्हा आम्ही मनोऱ्याऐवजी मचाण घेतले. धानाच्या राखणीमुळे ते मुलांच्या ओळखीचे. समजा, मचाणावरचा हात जमिनीपासून ४ मीटर उंच आहे आणि त्याने दगड सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर केव्हा पडेल? (गुरुत्व त्वरण १० धरू, हवेचा विरोध सोडून देऊ.)

बहुतेक मार्गदर्शके याचे दोन तुकडे करतात. वर जाताना त्वरण ऋण: ०.८ सेकंद, ३.२ मीटर. खाली येताना धन: ७.२ मीटर, १.२ सेकंद. एकूण २ सेकंद. उत्तर बरोबर आहे, म्हणूनच चूक कुणाच्या लक्षात येत नाही. चिन्ह मध्येच बदलल्यामुळे मुलांना वाटते, की शिखरावर गुरुत्वाकर्षण दिशा बदलते किंवा क्षणभर नाहीसे होते. तेथे वेग शून्य असतो, त्वरण नव्हे. दोन्ही शून्य असते तर दगड तिथेच लटकून राहिला असता! चिन्ह ठरते ते आपण कोणती दिशा धन मानली यावरून; दगड चढतो की उतरतो यावरून नाही.

वरची दिशा एकदाच धन धरली, की सगळा प्रवास एका समीकरणात मावतो. क्ष सेकंद लागले असे मानू:

−४ = ८क्ष − ५क्ष²

उत्तरे दोन, २ आणि −०.४. दुसऱ्यावर काट मारून 'काळ ऋण नसतो' असे लिहिण्याची पद्धत आहे. हे कारण आम्हाला पटत नाही. घड्याळ आपण दगड फेकताना सुरू केले. त्याआधीही काळ होताच. समीकरणाला मात्र हात ठाऊक नाही. ते सांगते, की दगड ०.४ सेकंद आधी जमिनीवरून १२ च्या वेगाने निघाला असता, तर मचाणाशी ८ च्याच वेगाने पोहोचला असता. ताळा करून पाहा: १२ × ०.४ − ५ × ०.१६ = ४. दगड पडतानाचा वेगही १२च येतो.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (सुमारे ११५०) वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते. तर कळप केवढा? उत्तरे ५० आणि ५. पण ५ घेतल्यास वर्गाआधीची संख्या −२ येते, आणि ऋण वानरे लोकांना पटणार नाहीत. म्हणून त्यांनी ते सोडले, पण कारण देऊन सोडले. मचाणाच्या गणितात ते कारण एवढेच: त्या वेळी दगड अजून हातात होता.