‘सोल्फेरिनोची आठवण’

कांहीं पुस्तकांना त्यांची कीर्तिच नडते. हेन्री ड्यूनंट याच्या ‘सोल्फेरिनोची आठवण’ या 1862 सालीं निघालेल्या लहानशा फ्रेंच ग्रंथाचें तसेंच झालें आहे. रेडक्रॉसचें उगमस्थान म्हणून त्याचें नांव सर्वतोमुखीं आहे. तो वाचलेला मनुष्य मात्र विरळा. आम्हीं तो इंग्रजी भाषांतरांतून वाचला, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं, करुणरसासाठीं त्याची जी स्तुति होते ती त्याच्या खऱ्या सामर्थ्याला सोडून आहे.

आरंभ निराशाजनकच आहे. 24 जून 1859 रोजीं उत्तर इटलींत फ्रान्स व सार्डिनिया यांची ऑस्ट्रियाशीं जी लढाई झाली तिचें हें वर्णन. सेनापतींच्या व पलटणींच्या नांवांनीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. असें वर्णन कोणत्याही बखरींत सांपडेल. पण लढाई संपते आणि लेखणीच बदलते. ड्यूनंट हा जिनीव्हाचा व्यापारी. अल्जीरियांतील आपल्या धंद्याचें गाऱ्हाणें बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या कानीं घालावयास निघालेला. वैद्यकाचा त्याला गंधही नाहीं. जवळच्या कास्तिल्योने गांवांत जखमींचे लोंढे येतात, घरें व चर्चें भरून जातात, आणि लष्करी डॉक्टर अगदींच थोडे. अन्नपाणी आहे, पण तें तोंडाशीं नेणारा हात नाहीं. म्हणून माणसें तहानेनें मरतात.

या ठिकाणीं दुसरा एखादा लेखक हुंदके देऊं लागला असता. ड्यूनंट यादी करतो. गाडीवानाला ब्रेशियास धाडून त्यानें काय आणविलें? लिंबें, संत्रीं, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्या, टांचण्या, चिरूट, तंबाखू. ग्रंथांतील सर्वांत हृदयस्पर्शी भाग आम्हांला हाच वाटला, आणि त्यांत विशेषण म्हणून नाहीं! तोंडांत चिलीम धरून शस्त्रक्रिया सोसणारे शिपाई भेटतात, तेव्हां त्या तंबाखूचें मोल कळतें.

गांवच्या बायकांनीं शत्रु-मित्र न पाहतां शुश्रूषा केली, पोरांनीं पाणी वाहिलें. तरी इतके शिपाई कां दगावले? ग्रंथाचें उत्तर कठोर आहे. माया होती, पण तिला शिक्षण नव्हतें, आणि ती उशिरां पोंचली. वेळेवर उपचार मिळते तर आपण वांचलों असतों, असें एक जुना सार्जंट कडवटपणें बोलून दाखवितो. म्हणूनच लेखक शेवटीं अश्रु मागत नाहीं. शांततेच्या काळांतच स्वयंसेवकांच्या संस्था काढाव्या, त्यांना शिकवून तयार ठेवावें आणि राष्ट्रांनीं करारानें त्यांना मान्यता द्यावी, एवढेंच मागतो. 1863 सालीं जिनीव्हास समिति बसली आणि 1864 सालीं करारही झाला. या पानांतील राजेरजवाड्यांची मनधरणी कंटाळवाणी आहे खरी. पण सैन्यें ज्यांच्या हातीं, त्यांच्याच दारीं जावें लागतें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें घेतलेला आक्षेप मात्र असा सहज सुटत नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत लष्करी इस्पितळांची दैना तिनें डोळ्यांनीं पाहिली होती. जें कर्तव्य सरकारचें, तें अशा मंडळ्यांनीं अंगावर घेतलें तर सरकारांना युद्ध करणें अधिकच सोपें होईल, असें तिचें म्हणणें. ड्यूनंटच्या ग्रंथांत याला उत्तर नाहीं, आणि आम्ही ही त्याची खरी उणीव समजतों. तरीही मराठी वाचकानें हा ग्रंथ मिळवावा, लढाईचीं पानें खुशाल उलटावीं आणि कास्तिल्योनेपासून वाचावयास लागावें.