सत्तर टक्क्यांत काय मोजायचं राहून जातं?

जागतिक आरोग्य संघटनेचं 'अवेअर' अँटिबायोटिक पुस्तक 2022 साली आलं. लक्षणं काय, औषध कोणतं, डोस किती, किती दिवस, असं सगळं त्यात सरळ मांडलंय. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नको, हेही स्पष्ट आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात याचा खरंच उपयोग आहे. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. पालमच्या खेड्यातला शेतमजूर तेवढ्यासाठी मजुरी बुडवून परत येत नाही.

अडचण आहे ती या वर्गवारीवर बेतलेल्या उद्दिष्टाची. 'अ‍ॅक्सेस' म्हणजे आधी वापरायची औषधं, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन. 'वॉच' म्हणजे जपून वापरायची: अझिथ्रोमायसिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. 'रिझर्व्ह' म्हणजे शेवटचा उपाय. 2030 पर्यंत जगातला किमान 70 टक्के वापर अ‍ॅक्सेस गटातला असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत 2024 मध्ये ठरलं. देशाचा कल कळायला हा आकडा ठीक आहे. एका ग्रामीण रुग्णालयाला तो लावला, की फसतो.

समजा, दोन केसपेपर आहेत. पहिल्यावर सर्दीला अमॉक्सिसिलिन. दुसऱ्यावर न्यूमोनिया झालेलं मूल. अमॉक्सिसिलिनचा साठा निल, म्हणून अझिथ्रोमायसिन. टक्केवारीत पहिला पेपर पास, दुसरा नापास! पहिल्यात तर औषधाची गरजच नव्हती.

गंमत म्हणजे याच संघटनेची 1993 ची जुनी पुस्तिका जास्त शहाणी वाटते. किमान 20 केंद्रं, प्रत्येकी 30 चिठ्ठ्या. किती रुग्णांना अँटिबायोटिक दिलं ते मोजा, आणि महत्त्वाची औषधं केंद्रात आहेत का तेही बघा. माझ्या संशोधनाच्या पहिल्या आराखड्यात चिठ्ठ्यांचे रकाने भरपूर होते, साठ्याचा एकही नव्हता. आता केसपेपरशेजारी त्या दिवशीचं साठा रजिस्टर ठेवायचं ठरवलंय.

'साठा नव्हता' ही पळवाट होईल, असं कुणी म्हणेल. उलट, तीच बंद होईल. अमॉक्सिसिलिन शिल्लक असताना अझिथ्रोमायसिन लिहिलं असेल, तर डॉक्टरांना विचारता येईल. साठा निल असेल, तर पुरवठा करणाऱ्यांना. आज दोन्ही वेळा बोट एकाच माणसाकडे जातं: चिठ्ठीवर ज्याची सही आहे त्याच्याकडे.