फोटोवरून उतरलेली माणसे

मराठी मुलखात माणूस रेखाटणारे पुष्कळ आहेत. हलता माणूस रेखाटणारे मात्र कमी होत चालले आहेत. प्रदर्शनातली आकृती मोबाइलवरच्या फोटोवरून उतरवली असेल तर रेघच चहाडी करते. ती सगळीकडे सारख्याच जाडीची, सारख्याच काळजीने ओढलेली असते. भार कोणत्या पायावर आहे, पुढचे पाऊल कुठे पडणार, याचा तिला पत्ता नसतो.

पूर्वी असे नव्हते. नवसारीला जन्मलेले चित्रकार शियावक्ष चावडा (१९१४–१९९०) मुंबईच्या जे. जे. आणि लंडनच्या स्लेड या कलाशाळांत शिकले, पण त्यांची रेघ घडली ती नर्तकांसमोर. हात पुरा होण्याआधीच ते रेघ सोडून देतात, आणि म्हणूनच तो हात फिरतो. के. के. हेब्बर तर लय कळावी म्हणून स्वतः कथक शिकले. त्यांची रेघ खांद्यातून निघून न तुटता टाचेपर्यंत जाते. कधीकधी ती फार गोड होते, हेही खरे. गोव्यातल्या साळगावच्या सुझांकडे ती गोडी औषधालाही नाही. ते शरीर ओरखडून काढतात. हालचाल थांबते आणि ताण उरतो. हुसेन यांच्या घोड्यांमागे मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा आहे. मानेचा एक फटकारा, की घोडा उधळलाच. तिकडे फ्रेंच शिल्पकार रोदँने १९०६ साली कंबोडियाच्या नर्तकी रेखाटल्या. नजर कागदाकडे न वळवता रेखाटायची त्याची रीतच होती.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अशा रेघेला खाद्य कमी नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या होळीला डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर पांढरे ठिपके आणि कमरेला भोपळे बांधलेले बुध्या रात्रभर ढोलावर नाचतात. भोपळे सांभाळताना कंबर एका लयीत हलते, पाय दुसऱ्या. असे मॉडेल कोणत्या वर्गाला पैसे मोजून मिळेल? पण चित्रात येतात ते टोप आणि ठिपके, नाच बाहेरच राहतो. दुसरी सोपी वाट म्हणजे वारली चित्रशैली. आदिवासी म्हटले की भिंतीवर दोन त्रिकोण काढायचे, मग गाव भिल्लांचे असो की पावऱ्यांचे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे त्रिकोण धावत, कारण ते कमरेपाशी झुकत. नकलेतले कवायतीला उभे असतात.

दोषाचा मोठा वाटा शाळेचा आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांतल्या स्मरणचित्रासाठी मुले पतंग उडवणारा मुलगा, हंडा घेतलेली बाई अशा ठरीव आकृत्या घोकून जातात. ग्रेड मिळते, पण बघणे राहूनच जाते.

जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांना एवढीच विनंती. येत्या दत्तजयंतीला वर्ग तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्या. मुलांच्या हाती पेन द्या, खोडरबर आणि मोबाइल काढून घ्या. एका कागदाला अर्धे मिनिट द्या, आणि सुरुवातीचे कागद खुशाल वाया जाऊ द्या.