सहा जीवांचा हिशेब

महाभारतात आपलं कोण, असं विचारलं की आपले कवी दोन नावं घेतात. कर्ण आणि एकलव्य. मी दोघांनाही मानतो. पण कर्णाला मोठं करायला शेवटी कुंतीचंच पोट लागतं. आणि एकलव्य झाला तरी निषादराज हिरण्यधनूचा पोरगा. दोघांच्या मागं नाव आहे. मला मात्र आदिपर्वातली एक बाई सोडत नाही. तिला नावच नाही. निषादी, एवढंच.

वारणावताचं लाक्षागृह सगळ्यांना ठाऊक आहे. दुर्योधनाचा डाव, विदुरानं धाडलेला खणकर, भुयार, पांडव सुखरूप. शाळेच्या धड्यात मला एवढंच शिकवलं. ग्रंथात पुढचंही आहे. त्या रात्री कुंतीनं ब्राह्मणभोजन घातलं. अन्नाच्या आशेनं एक निषादी आपली पाच पोरं घेऊन आली. लग्नाच्या मांडवामागं पोरं घेऊन ताटकळणारी बाई आपण सगळ्यांनी पाह्यलीय. ही तीच. ती दारू प्याली आणि पोरांसकट तिथंच मेल्यासारखी झोपली. रात्री भीमानं घर पेटवलं. लोकांना राखेत एक आई आणि पाच पोरं सापडली. गणित जुळलं.

कथा सांगणारा म्हणतो, काळानंच तिला तिथं आणलं. बरं. मग दोन-चार श्लोक मागं जा. धर्मराज भावांना बेत सांगतोय. शस्त्रागार पेटवू, दुर्योधनाच्या पुरोचनाला जाळू, सहा जीव इथं ठेवू आणि कुणाच्या नजरेत न येता निसटू. म्हंजे आकडा आधी ठरला, माणसं मागनं आली. मग काळावर कशाला ढकलता?

कुणी म्हणेल, हे मागाहून घुसडलेलं. नाही बाबा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ साली पुरी केली. मागाहूनचं कितीतरी चाळून बाजूला काढलं. निषादी राहिली.

कुणी म्हणेल, जीव वाचवायला सगळं माफ. पण जीव वाचवायला भुयार होतंच की. सहा प्रेतं लागली ती पाठलाग होऊ नये म्हणून.

याच पर्वात थोडं पुढं एकचक्रा नगरी येते. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडवांनी आसरा घेतला, त्याच्यावर बकासुराची पाळी येते. कुंती म्हणते, मला पाच मुलगे आहेत, त्यातला एक जाईल. धर्मराज आईवर चिडतो, भीमाला धोक्यात का घातलंस म्हणून. कुंतीची दया मी खोटी म्हणत नाही. पण त्या दयेला कुठल्या घरी जायचं ते पक्कं ठाऊक होतं. पाच पोरांची आई म्हंजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी निषादीसाठी तिच्या तोंडी एक शब्द नाही. स्त्रीपर्वात राजस्त्रिया रणावरच्या मेलेल्यांसाठी ऊर फुटेस्तोवर रडतात. इथं वारणावतचे लोक रडले, धृतराष्ट्रानं उदक दिलं, सगळं पांडवांच्या नावानं. जिवंतपणी जिला भाकरी मिळाली नाही, तिच्या राखेवर राजाचं सुतक पाळलं गेलं. तेही दुसऱ्याच्या नावावर.

महाभारत मोठं आहे, हे मला नाकारायचं नाही. ते इतकं मोठं आहे की त्यानं स्वतःविरुद्धचा पुरावाही पोटात सांभाळून ठेवला. तो वाचायचं काम आपलं. द्रौपदीच्या वस्त्रावर आणि कर्णाच्या कवचावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी लिहावं. आपण पंगत उठल्यावर मागं कोण राहिलं, ते मोजावं.

त्या पाच पोरांची वयं ग्रंथात नाहीत. पण पांडवांचे देह म्हणून ती खपून गेली. म्हंजे लहान नसणार. हाताशी आलेली असणार.